एल्बिस्तानचा बे

"शेवटचं प्रकरण माझ्या म्हणण्याप्रमाणे लिहिणार, असं तुम्ही मला सांगितलं होतं," प्राध्यापक कॅल्डवेल म्हणाले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला प्राध्यापक नासिफांनी चष्मा काढला. "गंमत आहे. मलाही हेच सांगितलं होतं."

आता दोघंही श्रीरंग भागवतकडे पाहू लागले. जळगावच्या कॉलेजातली कायमची नोकरी सोडून तो चाळिशीच्या तोंडावर पेनसिल्व्हेनियात पीएच.डी.ला आला होता, आणि आज तोंडी परीक्षा होती. दोघांच्या सह्या झाल्या तर पदवी. नाहीतर असिस्टंटशिप संपलेली, व्हिसा संपत आलेला, म्हणजे चंबूगबाळं आवरून परत. बाहेर बाकावर त्याची बायको सुलेखा जीव मुठीत धरून बसली होती.

प्रबंध होता अलाउद्दौलावर. पाचशे वर्षांपूर्वीचा एल्बिस्तानचा हा छोटा तुर्की राजा, म्हणजे बे. एका बाजूला इस्तंबूलचा सुलतान, दुसऱ्या बाजूला कैरोचा. बेची मुलगी इस्तंबूलच्या उस्मानी घराण्यात दिलेली, नजराणे कैरोला जायचे. दोघांना झुलवत या गृहस्थाने तीसेक वर्षं चिमुकलं राज्य राखलं. कॅल्डवेलांचं आयुष्य इस्तंबूलच्या दप्तरखान्यात गेलेलं; त्यांच्या मते बे हा सुलतानाशी बेइमान झालेला मांडलिक. नासिफ मूळचे कैरोचे. त्यांच्या लेखी तो कैरोचा इमानदार माणूस. खुद्द या दोघांमध्ये कित्येक वर्षं 'गुड मॉर्निंग'पलीकडे संभाषण नव्हतं.

दोघांनी श्रीरंगला वेगवेगळं बोलावून आपापलं मत ऐकवलं. श्रीरंगने दोन्हीकडे मान डोलावली आणि "येस सर" म्हटलं. आपल्याकडे त्याचा अर्थ, सर, ऐकतोय, एवढाच. अमेरिकेत तो शब्द दिल्यासारखा झाला. घरी येऊन या शहाण्याने लिहिलं मात्र स्वतःच्या मनासारखं.

"अहो, एकाला तरी नो म्हणायचं होतं!" सकाळी सुलेखा कळवळून म्हणाली होती.

"सरांना तोंडावर नो कसं म्हणणार?"

"मग आता दोघं एकाच रूममध्ये बसतील, तेव्हा काय कराल?"

आता ते बसलेच होते.

"सांगा, तो कोणाचा माणूस होता?" कॅल्डवेलांनी विचारलं.

"कोणाचाच नाही, सर." श्रीरंग म्हणाला. "दोघांना हो म्हटल्याशिवाय त्याला जगता येत नव्हतं. तुम्ही त्याला लबाड म्हणता, नासिफ सर इमानदार म्हणतात. मला तो घाबरलेला वाटतो. आपलं गाव वाचवायला धडपडणारा."

"भीती हा पुरावा नाही," नासिफ म्हणाले.

कॅल्डवेल पुढे झुकले. "सहा आठवडे देतो. प्रकरण बदला. कोणत्या बाजूने ते आत्ताच सांगा. बदलाल ना?"

श्रीरंगची मान सवयीने हलू लागली. त्याने ती थांबवली. त्याला रडू येईल असं वाटलं.

"नाही, सर," तो म्हणाला. "बदलणार नाही."

उभ्या आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाला त्याने दिलेला हा पहिला नकार. त्याला बाहेर थांबायला सांगण्यात आलं.

"काय झालं?" सुलेखा उठली.

"नाही म्हटलं."

"कोणाला?"

"दोघांना."

ती त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. आतून आधी चढे आवाज आले, मग हळू बोलणं, मग चक्क हसणं. १५१५ साली इस्तंबूलच्या सुलतानाने बेला मारलं आणि त्याचं डोकं कैरोच्या सुलतानाला धाडलं, हे श्रीरंगनेच शेवटच्या प्रकरणात लिहिलं होतं.

दार उघडलं. नासिफांनी नकारार्थी मान हलवली. "आय अॅम सॉरी," कॅल्डवेल म्हणाले. मग बोलता बोलता दोघं बरोबरच निघाले, कॉफी घ्यायला. कॉरिडॉरच्या टोकाचं दार जड होतं. श्रीरंग पुढे झाला आणि दोघं बाहेर पडेपर्यंत ते धरून उभा राहिला.