पावणेदोनचा ठिपका

तिला आत्या म्हणणारी जगात एकच होती, तिची भाची. पण आपणही तेच म्हणू, कारण ऑफिसातली माणसं म्हणायची ते काही फार चांगलं नव्हतं. तोंडावर मॅडम आणि पाठ वळली की कुलूपबाई. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरची खोली तिच्याकडे होती, आणि "मॅडम, पासवर्ड विसरलो हो" हे एकच वाक्य ऐकण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. कुणी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलेला दिसला की बाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ती चिठ्ठी फाडायची आणि तुकडे त्याच माणसाच्या हातावर ठेवायची. आता अशा बाईच्या टेबलाशी जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन कोण येणार? कुणी येत नसे.

तिचा जीव होता घरच्या कॉम्प्युटरमध्ये. अकरा वर्षांपूर्वी तिनं 'कडी' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. रोजनिशी लिहायची, वर कडी घालायची, संपलं. लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती वाचता येऊ नये, एवढंच त्याचं काम. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, आणि सोर्स कोड सगळा चव्हाट्यावर: कुणीही यावं, ओळ न् ओळ वाचावी, चूक सापडली तर खुशाल कान धरावा. "ज्या कुलपाच्या पोटात काय आहे ते बघू देत नाहीत, त्याच्यावर मी भरवसा काय म्हणून ठेवू?" असं ती तावातावानं विचारायची. कुणाला विचारायची? समोरच्या भिंतीला. भाची तिला बिनपगारी फुल अधिकारी म्हणायची आणि आत्याला ते मनातून आवडायचं.

कडीचा एक नियम होता आणि त्या नियमापुढं आत्यानं देवाचंही ऐकलं नसतं. कडी कुणाशी बोलत नाही. आजकालचे प्रोग्रॅम उठसूट आपल्या मालकाला कळवत असतात, हा उठला, हा बसला, ह्यानं हे बघितलं. कडी गप्प. मालकिणीलाही काही सांगायची नाही. माहितीच्या पानावर आत्यानं तसं ठणकावून लिहिलं होतं, आणि वर सल्लाही दिला होता, की कडी वापरत असाल तर तेही कुणाला सांगत बसू नका.

लोक एवढे आज्ञाधारक असतील असं तिला वाटलं नव्हतं. अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही. एक पत्र नाही, एक तक्रार नाही, हूं नाही की चूं नाही. शंभर जण वापरतात की एकही नाही, हे कळायला तिला मार्गच नव्हता. दर दोन महिन्यांनी ती चुका काढायची, घासूनपुसून नवी आवृत्ती काढायची, आणि विहिरीत दगड टाकून आवाज ऐकू येऊ नये तसं व्हायचं. त्या वर्षी तिला छप्पन्न लागलं, डोळ्यांचा नंबर वाढला, आणि एका रविवारी फोनवर ती भाचीला म्हणाली, "बंद करून टाकते गं. वर्षअखेरपर्यंत बघते. कुणी वापरतच नसेल तर मी कुणासाठी डोळे फोडतेय?"

"मग मोज ना," भाची म्हणाली. ती एका मोठ्या ॲपवाल्या कंपनीत होती, तिथं माणसाचं बोट कुठल्या बटणावर किती वेळ घुटमळलं तेसुद्धा मोजत. "नाव नको, गाव नको. कुणी कडी उघडली की दिवसातनं एकदा तुझ्याकडे एक ठिपका येऊ दे. नुसता आकडा. त्यात कुणाचं काय जातं?"

"नियम जातो."

"नियम धरून बस मग एकटी," भाची म्हणाली, आणि लगेच जीभ चावून म्हणाली, "सॉरी आत्या."

पण बोलून गेली ती गेलीच. पंधरा दिवस आत्यानं ते मनात घोळवलं आणि सोळाव्या दिवशी नऊ ओळी लिहिल्या. फक्त नऊ. आता हिशोबानं माहितीच्या पानावर तिनं काय लिहायला हवं होतं? "कडी यापुढं मला ठिपका पाठवील." ते लिहायला हातच उचलेना. तिनं लिहिलं, "नवी आवृत्ती आली आहे का, ते कडी दिवसातून एकदा बघेल." भाची म्हणाली, सगळे असंच लिहितात. जन्मभर सगळ्यांना शिव्या घालणारी आत्या त्या दिवशी सगळ्यांत जाऊन बसली.

खरं सांगायचं तर तिला वाटत होतं, कुणीतरी पकडेल. कोड उघडाच आहे. कुणीतरी त्या नऊ ओळी वाचेल, चवताळून पत्र लिहील, बाई, हे काय चालवलंय? भांडायला का होईना, कुणी दार वाजवेल. कुणी वाजवलं नाही. कोड सगळ्यांसाठी उघडा होता म्हणून प्रत्येक जण धरून चालला होता की दुसऱ्या कुणीतरी वाचला असेल.

आणि ठिपके यायला लागले. पहिल्या दिवशी दोन, त्यातला एक तिचाच. आठवड्यानं एकोणीस. महिन्यानं साठ-पासष्ट. आत्या खुर्चीत बसून अक्षरशः रडली. साठ-पासष्ट माणसं! एका मोठ्या बसमध्ये मावतील एवढी, पण होती. वर्षअखेरीची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

आकड्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण ठिपक्याबरोबर ती वेळही ठेवत होती. का, तर काही बिघडलं तर शोधायला बरं पडतं. असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला सांगितलेलं माणूस फार तपासत नाही. तर त्या वेळांमध्ये एक ठिपका होता, रोज दुपारी पावणेदोनचा. एक मिनिट मागं, एक मिनिट पुढं. सोमवार नाही, रविवार नाही, रोज. बाकीचे ठिपके कधी येत, कधी बुडी मारत. हा घड्याळ लावून यायचा.

आत्यानं डबा पावणेदोनला उघडायला सुरुवात केली. टेबलावरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ठिपका उमटला की ती मनातल्या मनात म्हणायची, आलात का, या बसा. कोण असेल? दुकान दुपारचं बंद करून लिहायला बसणारा शिंपी? मुलं शाळेतून यायच्या आधी तासभर मिळणारी आई? ती रोज नवं ठरवायची. एकदा ठिपका दहा मिनिटं उशिरा आला तर हिचा घास हातातच राहिला होता, आणि आल्यावर जीव भांड्यात पडला. वर रागही आला. कळवायचं तरी, म्हणे! बघा, कुठवर गेली होती बाई. हसू येतं, पण तिच्या तोंडावर हसायचं धाडस मला नाही झालं असतं.

पाच महिने हे चाललं. मग एका मंगळवारी ठिपका आला नाही. बुधवारी नाही. गुरुवारी आत्यानं डबा उघडलाच नाही. आजारी असेल, गावाला गेलं असेल, कॉम्प्युटर बिघडला असेल. तिला चौकशी करायची होती आणि चौकशी कुणाची करणार, एका मिनिटाची?

दहाव्या दिवशी पत्र आलं. अकरा वर्षांतलं पहिलं. सकाळी ऑफिसला निघता निघता तिनं ते उघडलं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून वाचलं.

"कडी बनवणाऱ्यांस नमस्कार," असं त्यात लिहिलं होतं. "मी एक निवृत्त मोजणीदार आहे. माझी पत्नी सात वर्षं अंथरुणावर आहे. तिचं सगळं मीच करतो. दुपारचं औषध घेऊन ती झोपली की मी पावणेदोनला तुमच्या कडीत लिहायला बसत असे. तिथं मी खरं लिहीत असे. कधीकधी असंही लिहिलं आहे, की आता ही सुटावी आणि मीही सुटावा. ते तिथं टाकलं की संध्याकाळी तिला भरवताना माझा हात पुन्हा मऊ व्हायचा.

"मागं एकदा फोनवरून मला कुणी फसवायला निघालं होतं. तेव्हापासून मुलगा काळजी करतो. त्यानं घरात इंटरनेटचा नवा डबा बसवला. घरातले कॉम्प्युटर कुणाकुणाशी बोलतात त्याची यादी त्यात उमटते आणि तो दर आठवड्याला ती तपासतो. त्यात 'कडी' नाव रोज दिसायला लागलं. हे कोण, बाबा? मी म्हटलं, काही नाही, असंच. तो म्हणाला, लपवण्यासारखं काही नसेल तर उघडून दाखवा. मी उघडलं.

"त्यानं सगळं वाचलं. तो वाईट नाही. तो रडला. पण दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेला. म्हणाला, तुमच्याकडे तिला ठेवायची मला भीती वाटते.

"कडी कुणाशी बोलत नाही असं तुम्ही लिहिलं होतं. नवी आवृत्ती आली की लगेच घ्या, असंही तुम्हीच लिहिलं होतं. मी दोन्ही मानलं. तक्रार नाही, फक्त कळवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं असं होणार नाही. मुलानं माझा कॉम्प्युटर नेला आहे, हे झेरॉक्सच्या दुकानातून लिहीत आहे."

आत्यानं एक ओळ पुन्हा वाचली. लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवा! ह्या एका वाक्याला द्यायची सतरा उत्तरं तिला पाठ होती. भिंतीनं ती सगळी ऐकली होती. म्हाताऱ्याला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी काय उपयोग झाला असता? मुलाच्या हातात ती यादी कुणी दिली होती? हिनंच.

ती ऑफिसला गेली नाही. तिनं नऊच्या नऊ ओळी काढल्या, ठिपके गोळा करणारं यंत्र बंद केलं, सगळ्या वेळा पुसल्या. माहितीच्या पानावर सगळ्यांत वर ठळक लिहिलं: "मी तुम्हाला मोजत होते आणि ते दुसऱ्या नावाखाली लपवलं होतं. त्यामुळं एका घराचं नुकसान झालं आहे. जुनी आवृत्ती आजच काढून टाका." खाली स्वतःचं नाव घातलं. ह्यावरही कुणी काही बोललं नाही.

मग तिनं म्हाताऱ्याला लिहिलं. मुलाशी मी बोलू का, विचारलं. सगळा दोष माझा आहे, असं त्याला लेखी देते, म्हणाली. आणि एवढ्यावर न थांबता खरं तेही लिहून बसली: पावणेदोनचा ठिपका मला ओळखू यायचा, मी त्याच वेळी जेवायला बसायचे, आला नाहीत तेव्हा माझा घास उतरला नाही. पाठवून झाल्यावर तिला शरमेनं मेल्यासारखं झालं. चोरानं घरमालकाला सांगावं की तुमच्या घरात मला फार बरं वाटायचं, त्यातला प्रकार.

आठवड्यानं उत्तर आलं.

"ताई," म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, "मुलाशी बोलू नका, तो त्याच्या जागी बरोबर आहे. मला हिला भेटायला रविवारी बोलावतो, जेवण झाल्यावर परत आणून सोडतो. कॉम्प्युटर त्यानं परत दिला आहे. यादी अजून तपासतो. तुम्ही माझी वेळ बघत होता, ह्याचा मला राग यायला हवा. दोन दिवस यावा म्हणून वाट बघितली, आला नाही. माझी वेळ एका माणसाला माहीत होती, एवढंच मनात येतं. घर फार रिकामं आहे. तुमचं ते ठिपक्याचं यंत्र माझ्यापुरतं चालू ठेवता येईल का? यादीत दिसलं तर दिसू दे. आता उघडून दाखवण्यासारखं माझ्याकडे राहिलं काय?"

येण्यासारखं होतं. अर्ध्या तासाचं काम. एक बटण, एका माणसासाठी, त्याच्या राजीखुशीनं. आत्याचे हात कीबोर्डवर गेलेसुद्धा. आणि दुपारी पावणेदोनला स्क्रीनच्या कोपऱ्यात तो ठिपका पुन्हा उमटला असता. तिला तो हवा होता. म्हाताऱ्यापेक्षा तिलाच जास्त हवा होता, आणि ते कळलं म्हणून तिनं हात मागं घेतले. पुन्हा नाव यादीत येणार. पुन्हा मुलगा विचारणार. मग रविवारचं भेटणंही बंद होईल, आणि म्हाताऱ्याला आत्याशिवाय कुणीच उरणार नाही.

तिनं लिहिलं, "नाही. ते मी तुमच्यासाठीही करणार नाही आणि माझ्यासाठीही. नवी कडी घ्या, ती गप्प आहे, कोड कुणा जाणत्याकडून वाचून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका. तिच्यात लिहा. मला पत्र लिहावंसं वाटलं तर झेरॉक्सच्या दुकानातून लिहा." वाचून तिला ते फार कोरडं वाटलं. पण आणखी एक शब्द घातला असता तर बांध फुटला असता, म्हणून तसंच पाठवलं.

पत्र पुन्हा आलं नाही.

दोन महिन्यांनी ठरल्याप्रमाणं कडीची नवी आवृत्ती निघाली. त्या रविवारी भाचीनं फोन केला. ठिपक्यांची कल्पना आपली होती, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं, त्यामुळं ती हल्ली जपून बोलायची.

"ते आजोबा लिहितात का गं अजून कडीत?"

"माहीत नाही."

"नवी आवृत्ती तरी घेतली का त्यांनी?"

"कळायला मार्ग नाही. तो मार्गच काढून टाकलाय ना मी."

भाची म्हणाली, "आत्या, पण मग तुला राहवतं कसं?"

"नाही राहवत," आत्या म्हणाली.