भुतांचे फोटो

किशोरीच्या लग्नाचे फोटो तिच्या मोठ्या भावाने, तुळशीरामने काढले होते. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात तेव्हा त्याच्या एकट्याकडेच रोलचा कॅमेरा होता. पण प्रिंट आले ते हिरवट-काळे. नवरानवरीची तोंडंही ओळखू येईनात. किहीमला सासरी सगळे हसले. तो राग किशोरीने मनात धरला आणि मुलीच्या बारशाला तुळशीराम गळ्यात कॅमेरा अडकवून आला तेव्हा भरल्या मांडवात म्हणाली, "दादा, तो डबा ठेव आत. परत सगल्यांची भुतं नको करूस."

लोक खो खो हसले. तुळशीरामही हसला. त्यानंतर त्याच्या हातात कॅमेरा कुणी पाहिला नाही.

तीच मुलगी, रुचिका, आता लग्नाची झाली. आईचे लग्नातले फोटो हवेत म्हणून तिने जुन्या निगेटिव्ह अलिबागच्या एका लॅबमध्ये दिल्या. प्रिंट आणायला मायलेकी दोघी गेल्या. काउंटरवर फोटो पसरले आणि किशोरी वाकून बघू लागली. हळद पिवळीधमक होती, चुडा हिरवागार. मागे किशोरीची आई उभी, पदराने डोळे टिपत. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला धड फोटो नव्हता. मतदार कार्डावरचा मोठा करून लावला होता.

"हे त्याच निगेटिव्हचे?" किशोरीने विचारलं.

"हो ताई," लॅबवाला म्हणाला. "काढणाऱ्याचा हात चांगला होता. प्रिंट करणाऱ्याने वाट लावली. रसायन शिळं झालं की कागदावर रंग उतरतच नाहीत."

किशोरीचे कान तापले. तशीच रिक्षा करून ती रेवदंड्याला गेली. तुळशीरामने ओट्यावर बसून एकेक फोटो पाहिला. आईच्या फोटोवर त्याचा अंगठा बराच वेळ राहिला.

"मना वाटायचं, माझाच हात वाकडा हाय," तो म्हणाला. "म्हनून देऊन टाकला कॅमेरा."

"दादा, मी तवा मांडवात..." किशोरी सांगू लागली.

बोंबील वाळत घालणारी वहिनी, चंद्राबाई, न वळताच म्हणाली, "बोललीस मांडवात, आनि सांगतेस ओट्यावर व्हय?"

रुचिकाच्या हळदीला किशोरीने मांडवात बँडचं वाजप थांबवलं आणि बारशाला आपण दादाला काय बोललो, फोटो खरे कुणी बिघडवले, ते सगळं सांगितलं. पण बारशाला हसलेली निम्मी माणसं आता हयात नव्हती आणि उरलेल्यांना काही आठवत नव्हतं.

"कवाची गोष्ट गो ही?" एका म्हातारीने विचारलं. दोघीतिघी हसल्या.

आठवत होतं ते फक्त तुळशीरामला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या, तसा तो खाली बघत सदऱ्याचं बटण चाचपू लागला. आपण त्याला पुन्हा भरल्या मांडवात उभं केलं, हे किशोरीला कळलं. तिने वाजपवाल्यांना घाईघाईने हात केला आणि तोंड लपवायला ती घरात गेली.