सिबिल कोणी बिघडवलं

मोताळ्याच्या बाजारात छाया भाड्याच्या गिरणीवर मिरची-हळद दळून द्यायची. स्वतःची गिरणी घ्यावी म्हणून तिनं बँकेत कर्जाचा अर्ज केला, तर साहेबांनी सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा आकडा, खराब असल्याचं सांगून परत पाठवलं. छायाला काही उमजेना. बचत गटाचा एक हप्तासुद्धा तिनं कधी थकवला नव्हता.

तिच्या नवऱ्याला, सागरला, मात्र फारसं नवल वाटलं नाही. बुलढाण्याचा देवानंद सिबिल दुरुस्त करून देतो, त्याची फी आपण भरू, असं तो लगेच म्हणाला. हा माणूस सागरला आधीपासून कसा ठाऊक, हे छायाला खटकलं. एरवी चप्पल घ्यायची तरी चार दुकानं फिरणारा सागर फी किती तेही बोलत नव्हता. फोनवर ओटीपी येईल तेवढा मले सांग, बाकी त्यात डोकं घालू नको, एवढंच त्याचं चाललं होतं.

ओटीपी आलाच नाही, असं छायानं खोटं सांगितलं आणि देवानंदला स्वतः फोन लावला. नेमकं काय दुरुस्त करणार, असं विचारलं. सागरभाऊंशी बोलणं झालंय, म्हणत त्यानं विषय टाळला. तिचा संशय पक्का झाला.

ती पुन्हा बँकेत गेली. आपला सिबिल रिपोर्ट आपल्याला फोनवर फुकट बघता येतो, हे तिला तिथं कळलं. तिथल्याच बाकावर बसून तिनं तो उघडला. तिच्या नावावर मोबाइलसाठी घेतलेलं एक जुनं कर्ज होतं, हप्ते थकलेले. खाली फोन नंबर सागरचा होता.

घरी येऊन तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

"हे तुमी घेतलं?"

"हर्षल पुण्याले जाऊन राह्यला होता," तो धाकट्या भावाबद्दल म्हणाला. "त्याले मोबाइल पाह्यजे होता, तुह्या नावावर घेतला. हप्ते मी भरतो म्हणे. काही भरले, मंग बंद केले. देवानंद म्हणे, तिले दिसायच्या आत पुसून टाकतो."

"खरं कर्ज कोणाले पुसता येत नाही, भराच लागते," छाया म्हणाली. "अन् मले काऊन नाही सांगितलं?"



पुढच्या आठवड्यात दोघं फायनान्स कंपनीत गेले. थोडे पैसे भरून मिटवून टाका, असं तिथला माणूस म्हणाला. तसं मिटवलं तर रिपोर्टवर डाग राहतो, हे बँकेच्या साहेबांनी छायाला सांगून ठेवलं होतं. तिनं सागरला त्याच्या पगारातून पूर्ण रक्कम भरायला लावली. कर्ज फिटल्याचा दाखला घेतला, आणि रिपोर्टमधली नोंद बदलेपर्यंत स्वतःच तक्रारी करत राहिली. आकडा हळूहळू चढला. वर्षभरानं गिरणी आली.

सागर आता तिथं पोती उचलू लागतो. छायाच्या फोनचा पासवर्ड मात्र त्याला माहीत नाही.