आईच्या चष्म्याची डबी

थोरलीनं या वयात स्पॅनिश शिकायला घेतलं ते काही हौसेनं नाही. लेकीचं सासर स्पॅनिश बोलणारं, आणि तीन वर्षांची नात फोनवर जे काही बडबडायची त्यातलं हिला अवाक्षर कळायचं नाही. एकटी कशाला जाऊ, म्हणून तिनं नवऱ्यालाही ओढत वर्गात नेलं. तो बिचारा मागच्या बाकावर बसून जांभया द्यायचा.

आज बाईंनी प्रत्येकाला घरातली एखादी जुनी वस्तू आणायला सांगितली होती. वस्तू एकमेकांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "मी तुला ते देते", "तिनं मला ते दिलं". बाई फळ्यावर टकटक करत बजावत होत्या, "आधी माणूस, मग वस्तू! 'मे' म्हणजे मला, 'लो' म्हणजे ते. मे लो दिओ. उलटं केलंत तर खबरदार!"

थोरलीनं आपली शिवणाची कात्री आणली होती. नवरा अर्थातच विसरला होता. निघता निघता माळ्यावरच्या हत्यारांच्या पेटीत हात घालून जे लागलं ते त्यानं खिशात टाकलं होतं. आता त्यानं ते बाहेर काढलं. थोरलीच्या आईच्या चष्म्याची डबी होती ती, तपकिरी, कडेला उसवलेली.

"किएन ते लो दिओ?" बाईंनी विचारलं. कुणी दिलं तुम्हाला हे?

"मे लो दिओ मी मुखेर," नवरा एका दमात म्हणाला. बायकोनं दिलं. पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलं म्हणून स्वारी खूश! वर आपल्या भाषेत पुस्ती जोडली, "सासूबाई गेल्या त्या दिवशी. म्हणाली, आईचा चष्मा आहे, ठेवा कुठेतरी."

"अहो, उघडा की मग," वर्गातला, शेजारी बसलेला एक न्हावी म्हणाला.

नवऱ्यानं डबी उघडली. आत चष्मा नव्हता. आत आईचं सोन्याचं घड्याळ होतं.

थोरलीच्या पायाखालची जमीनच सरकली. याच घड्याळापायी नऊ वर्षं तिनं धाकट्या बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी घड्याळ सापडेना, आणि शेवटचे दोन महिने आईपाशी धाकटीच होती. झालं! थोरलीनं धाकटीच्या जिन्यात उभं राहून, चारही मजले ऐकतील अशा आवाजात तिला चोर म्हटलं. "ताई, मी नाही नेलं," एवढंच बोलून धाकटीनं दार लावून घेतलं होतं.

आणि डबी मात्र हिनंच, उघडूनही न बघता, नवऱ्याच्या हातात दिली होती. अगं बाई, काय करून बसले मी हे!

"अहो, नऊ वर्षांत एकदा तरी उघडून बघायचं!"

"तू म्हणालीस ना, चष्मा आहे," नवरा एवढंसं तोंड करून म्हणाला.

कात्री बाकावरच राहिली. डबी घेऊन ती तडक निघाली ती धाकटीच्या दारात. बेल वाजवली तशी धाकटीनं दार उघडलं. केस पार पिकले होते तिचे. थोरलीला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई! भावोजी बरे आहेत ना? काय झालं?"

नऊ वर्षांनी पहिला शब्द, आणि तोही काळजीचा! थोरलीला रडूच कोसळलं. तिनं डबी उघडून पुढे केली. "माझ्याच घरी होतं गं. मीच ह्यांना दिलं होतं. मीच!"

धाकटीनं घड्याळाला हातसुद्धा लावला नाही. मग तिनं समोरच्या बंद दारांकडे बोट केलं.

"हे राहू दे तुझ्याकडेच. त्या दिवशी इथेच उभी होतीस ना? अजून तेच लोक राहतात इथे. आता तेवढ्याच जोरात सांग."

थोरलीनं डोळे पुसले, जिन्याचा कठडा धरला आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "माझ्या बहिणीनं घड्याळ नेलं नव्हतं! मी खोटं बोलले होते!"

वरच्या मजल्यावर एक दार उघडलं.

"अजून एकदा," धाकटी म्हणाली.