अंदाजे आकडा

वेंडीने जिन्याखालच्या कपाटात डोकं घातलं आणि टॉर्चच्या उजेडात गॅस मीटरचा आकडा वाचला. मग हातातलं बिल पाहिलं. मागच्या वर्षीच्या वापरावरून कंपनीने अंदाजाने धरलेला आकडा मीटरच्या कितीतरी पुढे होता. म्हणजे या हिवाळ्यात आईने हीटर जवळजवळ लावलाच नव्हता. वेंडीला त्याचं नवल वाटलं नाही. हॅलिफॅक्सच्या त्या घरात रोज संध्याकाळी तीही कोट घालूनच बसायची.

फोनवर लीड्सहून धाकटी बहीण जॉस्लिन थांबली होती. आईची बिलं तीच बघायची.

“सापडला का गं आकडा? खरा आकडा कळवला नाही तर ते अंदाजावरच बिल लावत राहतील. आणि आईला सांग, हीटर जरा कमी ठेव. रविवारी मला स्वेटर काढून बसावं लागलं.”

जॉस्लिनला ऐकू जाऊ नये म्हणून वेंडीने फोन म्यूट केला. रोजचं सूप, औषधं, कचरा तिच्या वाट्याला. ऊब मात्र रविवारच्या पाहुणीला. लहानपणी रविवारच्या भाजलेल्या मांसाचा कुरकुरीत तुकडाही जॉस्लिनच्याच ताटात पडायचा. वेंडीचा नुसता जळफळाट झाला. ती टेबलाशी बसलेल्या आईसमोर जाऊन उभी राहिली.

“ती आली की हीटर, आणि मी आले की ब्लँकेट?”

आईने किटलीवरची लोकरी टोपी नीट केली.

“ती आल्या आल्या भिंतींना हात लावून बघते. गार लागल्या की वृद्धाश्रमाचा विषय काढते. तिच्यापुढे नाटक करावं लागतं, बाई.”

“आणि माझ्यापुढे?”

“तू कोट घालून येतेस. बसतेस.”

वेंडीला अजून थोडं रागवायचं होतं, पण जमेना. तिने फोन परत कानाला लावला आणि बिलावरचाच आकडा सावकाश वाचून दाखवला.

“अगदी जुळला की,” जॉस्लिन म्हणाली. “बघ, आईचं व्यवस्थित चाललंय.”

“हो ना.”

फोन ठेवून ती भिंतीकडे गेली आणि हीटरचा नॉब फिरवला.

“अगं, आज रविवार नाही,” आई म्हणाली.

“न जाळलेल्या गॅसचे पैसे भरतेयस तू. आता मीटर त्या आकड्याला पोचेपर्यंत रोज लावायचा.”

आईने नॉबकडे पाहिलं, पण उठली नाही. तिने दुसरा कप पुढे ओढला आणि चहा ओतला.

बऱ्याच वेळाने वेंडीने कोटाचं वरचं बटण सोडलं.