तरटाखालचा गोळा

"त्या गोळ्याले हात लावू नको," चिंधूनं दुसऱ्यांदा बजावलं, तशी सून दिपाली माती मळायच्या पाट्यापाशीच थांबली.

रामाकोन्यातल्या या कुंभाराच्या घरात रीत जुनीच होती. माती बाईनं मळायची, चाक पुरुषानं फिरवायचं. चाक बिजलीचं झालं, तरी मळणं हातावरच राहिलं. चिंधूची बायको प्रेमलता कन्हानकाठची माती मळायची, तेव्हा बारीक खडाही तिच्या बोटांतून सुटत नसे. चिंधू गिऱ्हाईकाला घागर वाजवून दाखवायचा आणि सांगायचा, माती आमच्या बाईच्या हातची हाय.

ती माघात गेली. जायच्या आठवड्यात तिनं मळलेला शेवटचा गोळा त्यानं ओल्या तरटाखाली जपला. उठल्याबरोबर त्यावर पाणी शिंपडायचा. आता अक्षय तृतीया तोंडावर आली होती. तिच्या नावाची पहिली घागर भरायची ती याच मातीची, हे त्याचं पक्कं होतं. घागर गळली तर गेलेलं माणूस तहानलेलंच परत जातं, असं त्याच्या घरात मानत.

दिपाली मात्र सकाळपासून एकच धरून बसली होती. माती पुन्हा मळू द्या, मग चाकावर घ्या. कारण विचारलं की खाली बघायची.

"सासूची माती तू सुधारून राहिली का?" चिंधू म्हणाला. "काल आली तू या घरात."

"तसं नाई, मामाजी."

"मंग कसं?"

त्यानं गोळा चाकावर आपटला, बटन दाबलं. माती वर चढू लागली आणि अंगठ्याला खडा लागला. त्यानं तो काढला. पुन्हा फिरवलं. दुसरा लागला. मग एक कातडं खरवडून गेला. पांढरे, चुनखडीचे खडे. भट्टीत असा एक फुटला की घागरीला भोकच. घागरीची भिंत हेलपाटली आणि खाली बसली. चाक गरगरतच राहिलं.

"तू मिसळलं काई याच्यात?"

"नाई." दिपालीनं पुढं होऊन चाक बंद केलं. "आत्याबाईची बोटं दिवाळीपासून मेली होती, मामाजी. साखरेच्या बिमारीनं. तवा धरला तरी चटका समजे नाई. मले म्हणे, माती तू मळत जा, पण तुह्या मामाजीले सांगू नको. हा गोळा तेवढा, मी लोधीखेड्याले माहेरी होती तवा, त्याईनं एकटीनं मळला."

चिंधूनं खरवडलेला अंगठा धोतराला पुसला. हिवाळाभर घागरी वाजवून त्यानं लोकांना काय काय सांगितलं होतं. एकदा जेवताना तर प्रेमलतालाच म्हणाला होता, तुह्या हाताले तोड नाई. ती हसली होती आणि सुनेच्या ताटात जास्तीची भाकर टाकली होती.

त्यानं बसलेली माती खरवडून काढली आणि दिपालीपुढं पाट्यावर ठेवली.

"मळ."

ती मळत गेली, खडे बाजूला टाकत गेली. बऱ्याच वेळानं त्यानं गोळ्यात अंगठा रुतवला. अंगठा मऊ आत गेला, हिवाळाभर जात होता तसाच.

"गळली तं?" दिपालीनं विचारलं.

"नाई गळत." त्यानं चाक सुरू केलं. "पाणी प्याले येईल तवा सांगतो तुह्या सासूले, मले समजलं म्हणून."