तिसरा वाटा

रविवारी सकाळी धायरीत सोनबांच्या घरी पुरण शिजत होते आणि खुर्चीवर नवी साडी घडी करून ठेवली होती. बहीण द्वारका येणार होती. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायची असली, की आपल्याकडे भावांना तिचा आवडता रंग बरोबर आठवतो.

द्वारका विधवा. नारायण पेठेतल्या खानावळीत पोळ्या लाटायची. तिची भाड्याची खोली मालकाने दिवाळीपर्यंत रिकामी करायला सांगितली होती. हे सोनबांना ठाऊक होते. तरी वडिलांची जमीन त्यांनी आणि धाकट्या रंगरावांनी वाटून घ्यायची, यात घरात कुणालाच काही खटकत नव्हते.

सोनबांची मुलगी तनुजा नकाशे करणाऱ्या कंपनीत होती. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेला स्वतःचा टूलबॉक्स, म्हणजे नेमके एक काम करणारे जोड-साधन, बसवता येतो, तसा तिने एक केला होता. शेताची हद्द द्यायची, वारसांचा आकडा भरायचा, की प्रत्येकाला रस्ता लागेल असे सारखे वाटे पडत. करून बघायला तिने घरचेच शेत घेतले होते. ऑफिसात तिचे कौतुकही झाले होते.

जेवणाआधी सोनबांनी लॅपटॉप उघडायला लावला. वारसांच्या रकान्यात दोन आधीच भरलेले होते. टूल लिहितानाच तिने ते तसे ठेवले होते. तिने बटण दाबले, शेताचे दोन तुकडे झाले. टूलने कसलीही तक्रार केली नाही.

द्वारका चष्मा पुसत जवळ आली. विहीर कुठे, चिंच कुठे, असे विचारत राहिली. मग म्हणाली, "तनू, हे दोन तूच घातलंस का गं?"

तनुजाने त्या रकान्याकडे पाहिले. हद्द चुकली तर लाल फुली दाखवून थांबायचे, हे तिने त्या टूलला शिकवले होते. माणूस गाळला तर थांबायचे शिकवले नव्हते, कारण लिहिताना तिला आत्या आठवलीच नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. पाने वाढल्यावर तिने पुरणपोळी तशीच ठेवली. ती पानावरून उठली आणि ओटा ते दार अशा येरझाऱ्या घालू लागली.

जेवणे झाल्यावर सोनबांनी साडी बहिणीच्या मांडीवर ठेवली आणि रंगरावांनी तिच्या हातात पेन दिले, तेव्हा तनुजाने लॅपटॉप ओढून रकान्यात तीन घातले. वाटे पुन्हा पडले. तिसऱ्यात विहीर आली.

"मशीनला काय कळतंय? दोन घाल," सोनबा म्हणाले.

"मशीनला नाहीच कळत, आबा. मला कळायला हवं होतं. आजोबांची मुलं तीन. दोघांचा नकाशा मी करून देणार नाही."

"आज आत्याचं बोलतीस. उद्या तू पन ऋषीकडं वाटा मागशील."

ऋषी तिचा भाऊ. तो मोबाइलमध्ये बघत होता.

"मागणार," तनुजा म्हणाली.

द्वारकाने पेनाला टोपण लावले. मांडीवरची साडी उचलून परत खुर्चीवर ठेवली. "दादा, साड्या हायत मला. राहायला जागा न्हाय."

रंगराव चप्पल घालून निघून गेले. सोनबा भिंतीकडे तोंड करून बसले. तेवढ्यात तनुजाची आई, मथुराबाई, पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. ऋषी अंगावर पीत होता तेव्हा तिनेही माहेरी अशाच एका साडीच्या बदल्यात हक्कसोडपत्रावर सही करून दिली होती. त्यावर ती आजवर एक शब्द बोलली नव्हती.

तिने पडद्यावरचे ते तीन तुकडे बराच वेळ पाहिले आणि हलकेच विचारले, "तनू, माझ्या बापाचं शेत पन यात दिसतं का गं?"